कुत्र्याच्या दातांवरचं कीटण: घरी काय करायचं आणि डॉक्टरांवर काय सोपवायचं

‘कुत्र्याच्या तोंडाला वास यायचाच’ असं आपल्याकडे सहज म्हटलं जातं, आणि त्यामागचं दुखणं वर्षानुवर्षं तसंच राहून जातं. निरोगी कुत्र्याच्या तोंडाला खाल्लेल्या अन्नाचा थोडा वास येतो, पण तोंड फिरवावंसं वाटेल असा कुजका वास येत नाही. तसा वास यायला लागला की हिरडीच्या कडेला जंतूंनी ठाण मांडलंय असं समजावं. तीन वर्षांचं होईपर्यंत बहुतेक कुत्र्यांच्या हिरड्यांत आजाराची काही ना काही खूण दिसते. तरीही कुत्रं जेवत राहतं, शेपूट हलवत राहतं. दात दुखतो म्हणून जेवण सोडणारी कुत्री फार थोडी असतात, त्यामुळे ‘खातोय की व्यवस्थित’ यावर विसंबू नका.

मऊ थर आणि टणक थर

दात स्वच्छ केल्यावर काही तासांतच त्यावर लाळेतली प्रथिनं आणि जंतू मिळून एक चिकट, जवळजवळ न दिसणारा थर धरतात. हा प्लाक. तो तसाच राहिला की लाळेतले कॅल्शियमचे क्षार त्यात उतरतात आणि दोन-तीन दिवसांत तो टणक व्हायला लागतो, बोअरच्या पाण्याने बादलीला क्षार चढतात तसा. हे झालं कीटण, म्हणजे टार्टर. कुत्र्याची लाळ माणसापेक्षा जास्त अल्कधर्मी असते. म्हणून त्यांच्या दातांना कीड कमी लागते, पण कीटण मात्र भराभर चढतं.

पुढचं सगळं या फरकावर ठरतं. मऊ थर घरच्या ब्रशने निघतो. टणक झालेला थर ब्रशने, पेस्टने, पावडरने किंवा पाण्यात टाकायच्या औषधाने निघत नाही, जाहिरात काहीही म्हणो. चघळायच्या कांडीने वरचा थोडा भाग झिजेल, पण हिरडीखालचा तसाच राहील. आणि खरं नुकसान हिरडीखालीच होतं. कीटणाच्या खडबडीत पृष्ठभागावर नवा प्लाक सहज बसतो, तो हळूहळू हिरडी आणि दात यांच्यामधल्या फटीत उतरतो. आधी हिरडी लाल होते, सुजते. या टप्प्यावर सफाई केली तर ती पूर्ववत होते. त्यापुढे दाताला धरून ठेवणारे तंतू आणि जबड्याचं हाड झिजायला लागतं, आणि ते झिजलेलं हाड आपोआप भरून येत नाही.

लहान चणीच्या कुत्र्यांना हा त्रास लवकर होतो. पॉमेरेनियन असो की लॅब्रेडोर, पूर्ण वाढलेल्या कुत्र्याचे दात 42च असतात. इवल्याशा जबड्यात ते दाटीवाटीने बसतात आणि फटींत अन्न अडकतं. पग, शिह त्झूसारख्या चपट्या तोंडाच्या जातींत तर दाढा चक्क आडव्या फिरलेल्या असतात. अशा घरात दातांची काळजी पहिल्या वर्षापासूनच घ्यायला हवी.

आधी तोंडात बघा

कुत्रं शांत, जेवून पहुडलेलं असताना त्याच्या बाजूला बसा, समोरून वाकू नका. एक हात नाकाडाखाली हलकेच ठेवा आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्याने वरचा ओठ मागच्या बाजूने वर उचला. तोंड उघडायची गरज नाही. पुढचे पटाशीचे दात बहुतेक वेळा बरे दिसतात आणि आपण तेवढंच बघून निश्चिंत होतो. खरं बघायचं ते मागे, ओठाचा कोपरा वर ओढल्यावर दिसणाऱ्या वरच्या मोठ्या दाढेवर. या दाढेसमोरच गालात लाळेची नळी उघडते, म्हणून कीटण सगळ्यात आधी आणि सगळ्यात जाड तिथेच चढतं. सुळ्यांच्या मागची बाजूही बघा.

निरोगी हिरडी फिकट गुलाबी असते आणि दाताला घट्ट चिकटलेली असते. दाताच्या अगदी कडेने बारीक लाल रेघ दिसली तर ती आजाराची पहिली खूण आहे. देशी कुत्र्यांच्या हिरड्यांवर बऱ्याचदा काळे डाग असतात. तो जन्मजात रंग आहे, त्याची काळजी नको. दातावर हिरडीपासून वर चढत जाणारा पिवळा-तपकिरी, खरखरीत थर म्हणजे कीटण. सुळ्याचं किंवा दाढेचं टोक तुटलेलं असेल आणि मधोमध गुलाबी किंवा काळा ठिपका दिसत असेल, तर दाताची नस उघडी पडली आहे. त्याला कीटणाइतकीच, किंबहुना जास्त तातडी आहे.

काही खुणा तोंड न उघडताही दिसतात. एकाच बाजूने चावणं, घास तोंडातून खाली पडणं, खेळण्यावर रक्ताचा डाग, एकाच नाकपुडीतून स्राव किंवा वारंवार शिंका, डोळ्याच्या खाली आलेली सूज. डोळ्याखालची सूज बघून लोक डोळ्याचे थेंब घालत बसतात. पुष्कळदा ते त्याच वरच्या मोठ्या दाढेच्या मुळाशी झालेलं गळू असतं. सूज दिसली की एक-दोन दिवसांत डॉक्टरांकडे न्या.

दात पांढरे आणि हिरडी गुलाबी असेल तर आजपासून ब्रशची सवय लावा. दातावर पिवळसर कडा आहे पण हिरडी शांत आहे, तर सवय सुरू करा आणि पुढच्या लसीच्या वेळी डॉक्टरांना मुद्दाम तोंड दाखवा. जाड थर, लाल किंवा रक्त येणारी हिरडी, कुजका वास, हलणारा दात यांपैकी काहीही असेल तर ब्रश बाजूला ठेवा. दुखऱ्या हिरडीवर ब्रश फिरवला तर कुत्रं एवढंच शिकतं की ब्रश म्हणजे वेदना, आणि मग ते जन्मभर तोंडाला हात लावू देत नाही. आधी सफाई, मग ब्रश.

घरी खरवडू नका

ऑनलाइन दोन-अडीचशे रुपयांत स्टीलचे आकडे मिळतात आणि त्याने कीटणाचा तुकडा खटकन उडताना दाखवणारे व्हिडिओही. मोह होतो, पण करू नका. कुत्र्याच्या दातावरचं कवच एक मिलिमीटरहूनही पातळ असतं. आकड्याने त्यावर ओरखडे पडतात, आणि पॉलिश न केलेल्या ओरखड्यांत नवं कीटण आधीपेक्षा लवकर बसतं. हात जरा चुकला, कुत्र्याने डोकं हलवलं, तर टोक हिरडीत घुसतं. आणि सगळं नीट पार पडलं तरी फक्त वरचा थर निघतो. दात पांढराशुभ्र दिसतो, आत हाड झिजत राहतं आणि तुम्हाला वाटतं काम झालं. मला यातला हा खोटा दिलासाच सगळ्यात घातक वाटतो.

काही ग्रूमिंगच्या दुकानांत ‘भूल न देता दात साफ’ करून देतात, त्यालाही हीच गोष्ट लागू आहे. जागं कुत्रं हिरडीखाली अवजार घालू देत नाही, त्याचा एक्स-रे काढता येत नाही, आणि धरून ठेवल्यामुळे ते घाबरतं ते वेगळंच.

घरगुती उपायांत लिंबू नको, आम्लाने कवच झिजतं. खाण्याचा सोडा नको, त्यातलं सोडियम पोटात जातं आणि चवही कुत्र्याला नकोशी असते. मिसरी किंवा तंबाखूची कुठलीही पूड तर चुकूनही नको. निकोटीन कुत्र्यासाठी विष आहे. माणसाची टूथपेस्टही नको. कुत्रं चूळ भरत नाही, सगळं गिळतं. फेस आणणारे पदार्थ आणि फ्लोराइड त्याच्या पोटाला बाधतात. काही पेस्टमध्ये झायलिटॉल नावाची साखरेऐवजीची गोडी असते. ती थोड्या प्रमाणातही कुत्र्याची रक्तातली साखर धोकादायक खाली आणते आणि यकृत निकामी करू शकते.

डॉक्टरांकडची सफाई कशी व्हायला हवी

इथे पाळणाऱ्याने थोडं जाणकार असणं फार उपयोगाचं आहे, कारण ‘डेंटल’ या एका शब्दाखाली दवाखान्यागणिक वेगवेगळं काम चालतं.

आधी तपासणी आणि रक्ताच्या चाचण्या होतात: रक्तपेशी, मूत्रपिंड, यकृत. हृदयाचे ठोके ऐकतात, वय जास्त असेल किंवा ठोक्यांत वेगळा आवाज आला तर ईसीजी किंवा इको करतात. चालू असलेली सगळी औषधं सांगा. मोठ्या कुत्र्याला साधारणपणे आदल्या रात्रीनंतर खायला देत नाहीत. अगदी छोट्या जातीचं किंवा मधुमेह असलेलं कुत्रं असेल तर उपाशी ठेवण्याची वेळ डॉक्टरांकडून नेमकी विचारून घ्या.

‘म्हातारा झालाय, भूल सोसेल का?’ हा प्रश्न प्रत्येक घरात येतो आणि तो रास्त आहे. नुसतं वय म्हणजे आजार नव्हे. धोका ठरतो तो हृदय, मूत्रपिंड, यकृत कसं चालतंय त्यावरून, आणि ते आधी तपासता येतं. शून्य धोका कुणीच सांगू शकत नाही. पण तोंडात पू घेऊन पुढची तीन-चार वर्षं काढण्याचाही धोका असतो, तो दुसऱ्या पारड्यात टाकून मग ठरवा.

पूर्ण भूल दिल्यावर श्वासनलिकेत फुगा असलेली नळी घालतात. ती फक्त भुलीच्या वायूसाठी नसते. सफाईच्या यंत्रातून सतत पाणी उडतं, कीटणाचे तुकडे आणि जंतू त्यात मिसळलेले असतात, ते फुप्फुसात जाऊ नयेत म्हणून ती नळी हवीच. मग अल्ट्रासॉनिक स्केलरने वरचं कीटण काढतात, त्यानंतर हिरडीखालचं. खुणा असलेली बारीक सळई प्रत्येक दाताभोवती फिरवून फटीची खोली मोजतात. साधारण तीन मिलिमीटरपर्यंत खोली ठीक, त्याहून जास्त असेल तर तिथे आधार सुटलेला आहे. दाताचा निम्म्याहून जास्त आधार गेला असेल तर तो बहुतेक वेळा काढावाच लागतो. शेवटी पॉलिश. हे टाळलं तर स्केलरने उठलेल्या सूक्ष्म खरखरीवर काही आठवड्यांत पुन्हा थर दिसतो.

म्हणून भेट ठरवताना चार प्रश्न विचारा. भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणार का? हिरडीखाली सफाई करणार का? पॉलिश करणार का? दातांचा एक्स-रे आहे का? दातांचं एक्स-रे यंत्र आपल्याकडे प्रत्येक दवाखान्यात नसतं. ते नसलं म्हणून लगेच नकार देऊ नका, पण दात काढावे लागण्याची शक्यता दिसत असेल तर ते असलेल्या जागी जाणं बरं. छोट्या जातींत तर विशेषच. त्यांच्या खालच्या मोठ्या दाढेचं मूळ जबड्याच्या कडेपर्यंत पोचलेलं असतं, हाड झिजलेलं असेल तर दात काढताना जबडा मोडू शकतो. खर्चाचा अंदाज लेखी घ्या आणि त्यात रक्तचाचण्या, दात काढणं आणि घरी द्यायची औषधं धरली आहेत का ते विचारा. खाजगी दवाखान्याचा खर्च झेपत नसेल तर पशुवैद्यक महाविद्यालयांच्या रुग्णालयांत चौकशी करा. मुंबईत परळ, सातारा जिल्ह्यात शिरवळ, नागपूर, परभणी आणि उदगीर इथे अशी महाविद्यालयं आहेत.

घरी आल्यावर त्या दिवशी कुत्रं गुंगीत असतं, लाळेत थोडी लाली दिसते. रक्त थेंबथेंब गळतच राहिलं तर फोन करा. दात काढले असतील तर साधारण दहा ते चौदा दिवस मऊ खाणं: दहीभात, वरणभात, भिजवलेलं कोरडं खाद्य. कडक खेळणी उचलून ठेवा. वेदनाशामक डॉक्टरांनी दिलेलंच. घरातलं आयबुप्रोफेन किंवा पॅरासिटामॉल मनाने देऊ नका, पहिल्याने पोटात व्रण होतात आणि मूत्रपिंड बिघडतं, दुसऱ्याने यकृत.

ब्रशची सवय

सफाई झाली आणि ब्रश नाही केला, तर प्लाक त्याच दिवशी परत बसायला लागतो. डॉक्टरांनी हिरड्या भरल्या असं सांगितलं की सुरुवात करा. रोज ब्रश हे उत्तम, एक दिवसाआड चालेल. आठवड्यातून एकदा केल्याने समाधान मिळतं, पण फायदा जवळजवळ नाही, कारण तोवर थर टणक झालेला असतो.

लहान मुलांचा सगळ्यात मऊ ब्रश पुरतो. छोट्या कुत्र्याला बाळांचा. बोटावर चढवायचा रबरी ब्रश सवय लावण्यापुरता बरा, पण हिरडीच्या कडेला केसांइतका पोचत नाही आणि बोट दातांमध्ये सापडू शकतं. पेस्ट कुत्र्यांसाठीचीच घ्या, चिकनच्या चवीची बहुतेकांना आवडते. पेस्ट नसेल तर नुसता ओला ब्रश फिरवा. थर निघतो तो घासण्यामुळे. पेस्टचं मुख्य काम कुत्र्याला राजी करणं हे आहे.

पहिले काही दिवस ब्रश काढूच नका. पेस्टचा ठिपका बोटावर चाटायला द्या, एवढंच. ठरावीक वेळ निवडा, रात्रीचं फिरून आल्यावरची चांगली, कारण तेव्हा कुत्रं दमलेलं असतं आणि घरही शांत. मग पेस्ट लावलेलं बोट ओठाखालून बाहेरच्या दातांवर फिरवा, दोन-तीन सेकंद, आणि लगेच शाबासकी. ते स्वतःहून जवळ यायला लागलं की बोटाला गॉज गुंडाळा. त्यानंतर ब्रश, तोही आधी चाटायला. कुणी आठवड्यात तयार होतं, कुणाला महिना लागतो. मान मागे ओढली, ओठ चाटायला लागलं, डोळ्यांचा पांढरा भाग दिसला, तर एक पायरी मागे जा. दोघांनी धरून ब्रश करायचा प्रकार एकदाच यशस्वी होतो.

प्रत्यक्ष घासताना कुत्र्याचं तोंड मिटलेलंच असू द्या. ब्रश गालाच्या आतून सरळ मागच्या वरच्या दाढेपाशी न्या, कारण कुत्रं कंटाळण्याआधी सगळ्यात गरजेची जागा झाली पाहिजे. केस हिरडीकडे साधारण 45 अंशांत तिरके धरा, अर्धे दातावर, अर्धे हिरडीच्या कडेवर. छोटे गोल फेरे. तिथून पुढे येत सुळ्यापर्यंत, मग खालची रांग, मग दुसरी बाजू. पटाशीचे दात शेवटी, नाकाखाली हात आलेला बऱ्याच कुत्र्यांना खपत नाही. एका बाजूला अर्धा मिनिट पुरे. दातांची आतली बाजू जीभ बऱ्यापैकी साफ ठेवते, तिच्यासाठी झटापट करू नका. सुरुवातीला हिरडीतून किंचित रक्त दिसलं तर घाबरू नका, पण आठवडाभर रोज येत राहिलं तर दाखवा.

रस्त्यावरून आणलेली, तोंडाला हात लावू न देणारी कुत्री असतात. त्यांच्यावर जबरदस्ती नको. दात पुसायचे वाइप्स, डॉक्टरांनी दिलेलं क्लोरहेक्सिडीन या जंतुनाशकाचं जेल, दातांसाठी बनवलेलं खास खाद्य यांतलं जे जमेल ते करा आणि तपासणी दर सहा महिन्यांनी ठेवा.

खाणं आणि चघळणं

चपाती-दूध, ग्लुकोज बिस्किटं आणि मऊ भात दातांच्या कडेला चिकटून बसतात. पण म्हणून साधं कोरडं खाद्य दिलं की दात साफ राहतात असंही नाही. दाणा दाताच्या टोकालाच फुटतो, कडेला घासलाच जात नाही. दातांसाठीच्या खाद्याचे दाणे मोठे आणि तंतुमय असतात, दात आत रुतेपर्यंत ते फुटत नाहीत. अशी उत्पादनं घेताना पाकिटावर व्हीओएचसीचा शिक्का आहे का बघा. अमेरिकेतली ही पशुदंतवैद्यकांची परिषद 1997 पासून प्रत्यक्ष चाचण्यांची माहिती तपासूनच शिक्का देते, प्लाकसाठी वेगळा आणि कीटणासाठी वेगळा. चघळायची कांडी कुत्र्याच्या आकाराची घ्या, समोर बसून द्या आणि तेवढं जेवण कमी करा. लॅब्रेडोर ती न चावता गिळायला बघतो.

रविवारच्या मटणातली नळी कुत्र्याला देण्याची पद्धत आपल्याकडे घरोघर आहे. हाड चावताना कीटण थोडं झिजतं हे खरं, पण त्याच झटक्यात वरच्या मोठ्या दाढेची कपची उडते आणि नस उघडी पडते. शिजवलेल्या हाडाच्या किरच्या घशात, आतड्यात रुततात, आणि नळीची गोल चकती खालच्या जबड्यात अडकल्यावर ती कापून काढायला भूल द्यावी लागते. प्रेमाने दिलेली ती नळी फार महागात पडते. छुर्पी म्हणून मिळणारे याकच्या दुधाचे कडक तुकडे, सांबरशिंगं, खूर यांचंही तेच. कसोटी सोपी आहे: वस्तूत अंगठ्याचं नख दाबून बघा. थोडंही रुतलं नाही तर ती वस्तू दातांसाठी फार कडक आहे. टेनिसच्या चेंडूची लव खरखरीत असते, तो दिवसभर चावणाऱ्या कुत्र्याचे सुळे सपाट होतात. चेंडू फेकून आणायला ठीक, चघळायला नको.

पिल्लू असेल तर

पिल्लाला 28 दुधाचे दात असतात. ते साधारण चौथ्या महिन्यापासून पडायला लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात, तेव्हा घासायचा आग्रह नको, फक्त ओठ उचलून बघू देण्याची सवय लावा. छोट्या जातींत दुधाचा सुळा न पडता नवा सुळा त्याच्या शेजारीच उगवतो. दोघांमधल्या चिंचोळ्या फटीत केस, अन्न अडकतं आणि वर्षाच्या आत तिथे कीटण जमतं, शिवाय नवा सुळा वाकडा येतो. सातव्या महिन्यात एकाच जागी दोन सुळे दिसले तर डॉक्टरांना सांगा. नसबंदी ठरलेली असेल तर त्याच भुलीत तो दुधाचा दात काढून घेता येतो.